अश्वसेवेचे पहिले धडे

सुटीच्या दिवसांत एखाद्या पांजरपोळांत, जनावरांच्या इस्पितळांत किंवा ओळखीच्या पागेंत जाऊन घोड्यांची विनावेतन सेवा करावी, अशी इच्छा पुष्कळ विद्यार्थ्यांस होते. ही इच्छा स्तुत्य आहे, आणि आईबापांनीं तीस प्रतिबंध करूं नये असें आम्हांस वाटतें. परंतु असा नवखा स्वयंसेवक पागेच्या दारांत पाऊल ठेवतांच जो प्रश्न विचारतो तो बहुधा एकच असतो : "मामा, घोड्यास मी काय खावयास घालूं?" आणि जाणत्या मोतद्दाराचें उत्तरही बहुधा एकच असतें : "आज कांहीं नको, बाळ." हें ऐकून बिचाऱ्याचा हिरमोड होतो. घरून आणलेला गुळाचा खडा किंवा शिळी पोळी खिशांत तशीच राहते. मोतद्दार कृपण नसतो. पण घोड्याच्या पोटाची रचना मोठी चमत्कारिक आहे, व वैऱ्याच्या चाबकापेक्षां स्नेह्याच्या ओंजळीचें भय तिला कमी नाहीं, हें तो जाणून असतो. तें कसें, हेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शहरांतील वाचक विचारतील कीं, आतां घोडे राहिले आहेत कोठें? मुंबईंत १८७४ सालीं ट्रॅमगाडी सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर, आणि पुढें कित्येक वर्षें ती घोडेच ओढीत होते. योगायोग असा कीं, त्याच १८७४ सालीं जनावरांच्या छळास आळा घालणारी संस्था मुंबईंत निघाली, व १८८३ सालीं सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें परळ येथें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ स्थापन झालें. पुढें ट्रॅमचे घोडे गेले, आणि व्हिक्टोरिया गाड्याही मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविल्या. तरीही घोडा आपल्यामधून नाहींसा झालेला नाहीं. माथेरानच्या डोंगरावर सामान्य मोटारींस मज्जाव असल्यामुळें माणसें आणि ओझीं तो अद्याप वाहतो; महाबळेश्वर-पांचगणीस तो प्रवाशांस फिरवितो; लग्नाच्या वरातींत तो नवरदेवास मिरवितो; आणि नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत त्याचा मोठा बाजार भरतो. या सर्वांतून जे म्हातारे, लंगडे अथवा टाकून दिलेले होतात, त्यांच्यासाठीं पांजरपोळ व इस्पितळें. स्वयंसेवकाची गांठ पडते ती बहुधा याच घोड्यांशीं.

कोणास हें काम हलकें वाटत असेल, तर त्यानें विराटाच्या घरीं राहिलेल्या नकुलाची आठवण करावी. अज्ञातवासांत त्या राजपुत्रानें ग्रंथिक हें नांव घेऊन घोड्यांचीच चाकरी पत्करली. जुन्या मराठींत घोड्याची निगा राखणाऱ्यास मोतद्दार म्हणत, तसेंच खासदार असेंही म्हणत. हल्लीं हा शब्द आपण संसदेच्या सभासदास लावितों. तेव्हां लीद उचलणाऱ्या मुलानें आपल्या पदवीची लाज बाळगण्याचें मुळींच कारण नाहीं!

आतां पोटाकडे वळूं. आपल्या बहुतेक वाचकांनीं म्हैस किंवा गाय रवंथ करतांना पाहिली असेल. ती भराभर चरते, गवत पहिल्या कोठ्यांत सांठविते, आणि मग सांवलींत बसून तें पुन्हां तोंडांत आणून सावकाश चावते. मोठ्या गाईचें हें पहिलें कोठें शंभर लीटरांहून अधिक मावेल एवढें असतें. घोड्याची तऱ्हा निराळी. तो रवंथ करीत नाहीं. त्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें अगदीं लहान, सुमारें आठ ते पंधरा लीटरांचें, म्हणजे आपल्या घरच्या एका बादलीएवढें असतें. अशा लहान कोठीवर एवढा थोरला देह पोसावयाचा तर एकच उपाय : थोडें थोडें आणि सारखें खात राहावयाचें. मोकळ्या कुरणांतील घोडा दिवसरात्र मिळून सोळा तासांपर्यंत चरतो, असें पाहणारांस आढळून आलें आहे. त्यास आपण अधाशी म्हणतों. वस्तुतः तो आपल्या जठराच्या हुकमाप्रमाणें वागत असतो.

जठराच्या पुढें लहान आंतडें, आणि त्याच्यापुढें अंधांत्र नांवाची एक मोठी पिशवी व तिला जोडलेलें मोठें आंतडें लागतें. गवताचें खरें पचन या शेवटच्या भागांत होतें. तेथें कोट्यवधि सूक्ष्म जंतु वस्तीस असून गवतांतील चिवट तंतु कुजवून त्यांतून ते घोड्यास पोषण मिळवून देतात. म्हणजे घोड्यास वैरण घालणारा मनुष्य दोघांस जेवूं घालीत असतो : एक घोडा, व दुसरी ही अदृश्य प्रजा. या प्रजेस गवताची संवय असते. धान्याचें पीठूळ सत्त्व लहान आंतड्यांतच पचून जावें अशी निसर्गाची व्यवस्था आहे. परंतु एकदम पुष्कळ धान्य आलें तर तें तेथें पुरतें न पचतां पुढें ढकललें जातें. मग अंधांत्रांत तें आंबूं लागतें. वायु धरतो, आम्ल वाढतें, गवत पचविणारे जंतु मरूं लागतात आणि त्यांचें विष रक्तांत शिरतें. याचा परिणाम दोन ठिकाणीं दिसतो. एक पोटशूळ, आणि दुसरा, नवख्यास ज्याचा संबंधही कळणार नाहीं असा, खुरांच्या आंतील दाह. खाल्लें पोटानें आणि लंगडला पायानें, असें हें विचित्र दुखणें आहे. तें विकोपास गेलें म्हणजे खुराच्या आंतील हाड आपल्या जागेवरून खालीं सरकतें, व असा घोडा पुन्हां धडपणें उभा राहण्याची आशा फार थोडी.

यांत आणखी एक अडचण आहे. मनुष्यानें अथवा कुत्र्यानें भलतेंच खाल्लें तर तो ओकून मोकळा होतो. घोड्यास ओकतां येत नाहीं. त्याच्या अन्ननलिकेचा जठराकडील दरवाजा असा घट्ट आहे कीं, आंत गेलेलें वर परत येत नाहीं. जठर फार फुगलें तर तें फाटावयाचें, पण ओकारी व्हावयाची नाहीं. म्हणूनच दिलेला घांस परत घेतां येत नाहीं हें मोतद्दार जाणतो, आणि स्वयंसेवकाच्या खिशाकडे संशयानें पाहतो.

उलट पक्षीं, पोट रिकामें ठेवणें हेंही घोड्यास मानवत नाहीं. आपल्या जठरांत आम्लरस मुख्यतः जेवणाच्या वेळीं पाझरतो; घोड्याच्या जठरांत तो अष्टौप्रहर पाझरत असतो. त्याची लाळ हा त्या आम्लावरचा उतारा, पण ती सुटते फक्त चावतांना. म्हणून जो घोडा कित्येक तास रिकाम्या तोंडानें उभा राहतो, त्याच्या जठरास आंतून व्रण पडतात. पागेंत कांहीं घोडे लांकूड कुरतडतात किंवा सारखे डुलत राहतात. लोक त्यांस खोडकर म्हणतात. आमच्या मतें अशा घोड्यास शिक्षा करण्यापूर्वीं त्याच्या पुढ्यांत वैरण किती वेळ होती याची चौकशी करणें अधिक न्यायाचें होईल.

एवढें समजलें म्हणजे खाऊं घालण्याचे नियम पाठ करावे लागत नाहींत; ते आपोआप सुचतात. पहिला मान वैरणीचा. सुक्या गवताचें प्रमाण घोड्याच्या वजनाच्या शेंकडा दीड ते दोन धरतात. माथेरानकडील तट्टासारखें तीनशें किलो वजनाचें जनावर असेल तर दिवसास साडेचार ते सहा किलो सुकें गवत, आणि तेंही चार-पांच वेळां विभागून. हिरवें गवत द्यावयाचें तर त्यांत पाणीच फार, म्हणून तें वजनानें तिप्पट-चौपट लागतें. चंदी, म्हणजे हरभरा, ओट, जव, कोंडा वगैरे खुराक, ही वैरणीची जागा घेण्यासाठीं नसून मेहनतीची भरपाई करण्यासाठीं असते. जो घोडा दिवसभर ठाणावर उभा आहे त्यास चंदीची गरज थोडी किंवा मुळींच नसते. अशा तट्टास एका वेळीं दीड किलोहून अधिक चंदी कधींही देऊं नये, आणि नवख्यानें तर विचारल्यावांचून मूठभरही देऊं नये.

चंदी मापट्यानें मोजण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती वाईट आहे. एक डबा भरून गव्हाचा कोंडा व तोच डबा भरून हरभरा घेऊन दोन्ही तागडींत घालून पाहावेत. डबा एकच, पण हरभऱ्याचें वजन कोंड्याच्या कित्येक पट भरतें. "काल एक डबा दिला होता, आजही एकच दिला," असें म्हणणारा मनुष्य खोटें बोलत नसतो, तरी घोड्यास अपाय करून बसलेला असतो. म्हणून प्रत्येक पागेंत एक तागडी व भिंतीवर एक पाटी असावी. पाटीवर घोड्याचें नांव, वैरण किती, चंदी किती व ती किती वाजतां, हें लिहावें. आपल्याकडे हरभरा भिजवून देण्याची रीत आहे ती चांगली. कोरडा हरभरा पोटांत गेल्यावर फुगतो, तो आधींच बाहेर फुगलेला बरा. खुराकांत कांहीं बदल करावयाचा झाल्यास आठ-दहा दिवस घेऊन जुनें थोडें थोडें कमी करीत नवें वाढवावें. वर सांगितलेल्या अदृश्य प्रजेस नव्या अन्नाची ओळख व्हावयास तेवढा अवधि लागतो.

कांहीं वस्तु मात्र थोड्याही नकोत. बुरसटलेली वैरण ही आपल्या पावसाळी मुलखांतील नित्याची आपत्ति आहे. कोंकणांत व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर गंजी आंतून ओलावते, वरून मात्र ठीक दिसते. म्हणून पेंढी सोडून मध्यभागीं हात घालून पाहावा आणि वास घ्यावा. ऊब किंवा कुबट वास लागला तर ती पेंढी घोड्यापुढें ठेवूं नये. बागेंतील कापलेल्या हिरवळीचा ढीग तासाभरांत आंतून तापतो व आंबतो, तोही वर्ज्य. ज्वारीच्या कोंवळ्या हिरव्या ताटांत जहाल विष असतें. कण्हेरीचीं पानें, ओलीं असोत कीं वाळलेलीं, थोडींशीं पोटांत गेलीं तरी घोडा दगावतो. शाळेच्या कुंपणाची छाटणी करून ती पागेकडे खाद्य म्हणून पाठवूं नये हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. तसेंच, गाईम्हशींसाठीं तयार मिळणारा खुराक घोड्यास घालूं नये. त्यांत कधीं कधीं असें औषध मिसळलेलें असतें कीं, तें गाईस गुणकारी आणि घोड्यास विषसमान होतें.

परंतु या सर्वांपेक्षां अवघड प्रसंग येतो तो सणावारीं. दर्शनास, सहलीस किंवा पुण्य जोडावयास आलेलीं सज्जन माणसें हातांत पोळ्या, गूळ, पाव, लाडू घेऊन घोड्याभोंवतीं जमतात. प्रत्येकाचें देणें लहान असतें. पण पन्नास जणांचें मिळून एका लहान जठरांत काय होतें तें वर आलेंच आहे. पावाचा मऊ गोळा घशांत अडकून घोडा गुदमरल्यासारखा होतो तो प्रकार निराळाच. अशा वेळीं हात जोडून नाहीं म्हणण्याचें काम बहुधा स्वयंसेवकाकडे येतें. वडील मंडळींस नाहीं म्हणणें मुलांस जड जातें. त्यांनीं उद्धटपणा न करतां असें सांगावें : "आजोबा, आपलें देणें मोतद्दारापाशीं ठेवा, तो वेळेवर, मापानें देईल." गुळाच्या ऐवजीं गवताची पेंढी विकत घेऊन द्यावी अशी सोय कांहीं पांजरपोळांत असते, ती आम्हांस पसंत आहे. गाजर द्यावयाचें असेल तर त्याच्या गोल चकत्या करूं नयेत, लांब फांका कराव्यात. चकती घशांत नेमकी बसते. आणि कांहींही हातानें द्यावयाचें तर तळहात सपाट पसरून, अंगठा बोटांस चिकटवून द्यावें. आपल्या ओंठांखालीं नेमकें काय आहे तें घोड्यास दिसत नाहीं. गाजर कोणतें व बोट कोणतें हा भेद तो ओंठांच्या स्पर्शानें करतो.

उपाशी घोड्याची गोष्ट तर याहून नाजूक. पहिलें महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्यानें इजिप्तमधील आपले हजारों घोडे तेथेंच विकून टाकले. १९३० सालीं डॉरोथी ब्रूक या बाई आपल्या लष्करी अंमलदार पतीबरोबर कैरोस गेल्या, तेव्हां त्यांतील उरलेले घोडे म्हातारपणीं दगडाच्या व मातीच्या गाड्या ओढतांना त्यांस आढळले. १९३१ सालीं त्यांनीं लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' पत्रांत मदतीची विनंती प्रसिद्ध केली, आणि आलेल्या पैशांतून पुढील कांहीं वर्षांत सुमारें पांच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके झिजलेले होते कीं, त्यांस कांहीं दिवस विसांवा देऊन वेदनारहित मरण देणें एवढेंच हातीं राहिलें होतें. १९३४ सालीं बाईंनीं कैरोस घोड्यांचें इस्पितळ काढलें. त्यांतूनच वाढलेली संस्था आज अनेक देशांत, हिंदुस्थानांतही, कष्टकरी घोड्या-गाढवांसाठीं काम करते.

अशा अस्थिपंजर झालेल्या घोड्यास पाहून कोणाच्याही मनांत येईल कीं, यास पोटभर चंदी घालावी. तसें केल्यास तो दोन-चार दिवसांत मरण्याचा संभव असतो. दीर्घ उपासानें त्याच्या अंगांतील क्षार संपत आलेले असतात. धान्याची साखर रक्तांत उतरतांच उरलेसुरले क्षारही रक्तांतून पेशींत ओढले जातात, आणि मग हृदय व श्वास चालविण्यास ते अपुरे पडतात. म्हणून पशुवैद्य अशा घोड्यास धान्य देत नाहींत. लसूणघास थोडा थोडा, दर चार तासांनीं, रात्रीं उठूनही देतात व दहा दिवसांच्या अवधींत प्रमाण वाढवीत नेतात. रात्रीं दोन वाजतां उठून एक लहानशी पेंढी टाकून येणें, यांत कांहीं शोभा नाहीं. पण घोडा जगतो तो त्यानेंच.

पाण्याविषयीं थोडक्यांत. तीनशें ते पांचशें किलोच्या घोड्यास दिवसास सुमारें वीस ते चाळीस लीटर पाणी लागतें. वैशाखांत व मेहनतीवर याच्या दुप्पटही. सुक्या गवतावर असलेल्या घोड्यास पाणी कमी पडलें तर आंतड्यांतील चोथा घट्ट बसतो, व तेंही पोटशुळाचें एक कारण होतें. बादली रोज घासावी. शेवाळलेलें पाणी घोडा हुंगून सोडून देतो आणि आपणांस वाटतें त्यास तहान नाहीं. घामाघूम घोड्यास पाणी दाखवूं नये असा जुन्या लोकांचा कटाक्ष असे. हल्लींच्या शोधांनीं हें मत पालटलें आहे : श्रमलेल्या घोड्यास पाणी पिऊं द्यावें, त्यानें अपाय होत नाहीं, उलट न दिल्यानें होतो. पुढ्यांत सैंधवाचा एक मोठा खडा असावा, म्हणजे घामावाटे गेलेलें मीठ तो आपल्या गरजेप्रमाणें चाटून घेतो.

आतां जवळ जाण्याची रीत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ सर्व बाजूंचें दिसतें. दोनच जागा आंधळ्या राहतात, एक कपाळासमोर अगदीं जवळची व दुसरी शेंपटामागची. घोडा हें मुळांत पळून जीव वांचविणारें जनावर आहे. न दिसलेल्या जागेंतून कोणी अकस्मात् आलें तर तो आधीं लाथ मारतो आणि मग विचार करतो. म्हणून त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेनें, तो पाहत असतां, हळू आवाजांत बोलत जावें, व प्रथम मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवावा. मागून जाणें भाग असेल तर एकतर अगदीं खेटून, पाठीवर हात ठेवून जावें, नाहींतर लाथेच्या टप्प्याबाहेरून जावें; मधलें अंतर सर्वांत वाईट. दोरीचा वेढा हातास कधींही घेऊं नये. पायांशीं काम करतांना मांडी ठोकून बसूं नये, ओणवें राहावें. कान पुढें असले तर घोड्याचें लक्ष आहे, व मानेस चिकटवून मागें पाडले असले तर तो रागावला आहे, एवढें तरी पहिल्या दिवशीं ओळखतां यावें.

पालकांस येथें दोन सूचना कराव्याशा वाटतात. घोड्याच्या लिदींत व पागेच्या मातींत धनुर्वाताचे जंतु सहज असतात. मुलास धनुर्वाताची लस वेळेवर टोंचली आहे कीं नाहीं याची खात्री करून मगच त्यास पाठवावें. आणि पायांत चपला नकोत, घोटे झांकणारा मजबूत बूट हवा. चारशें किलोचें ओझें बोटांवर सहज पडतें, त्यांत घोड्याचा कांहीं दुष्टावा नसतो.

खरारा करणें म्हणजे केवळ घोडा चकचकीत करणें नव्हे. रबरी किंवा लोखंडी खरारा मांसल भागावर गोल फिरवावा. तोंड, गुडघ्याखालील पाय व हाडांच्या जागा यांवर मऊ ब्रश किंवा फडकें पुरे. एका हातांत ब्रश असतां दुसरा हात अंगावरून फिरत असावा, कारण दुखणें डोळ्यांस दिसण्याआधीं हातास लागतें. खोगिराखालीं उबदार सूज, तंगाच्या जागीं सोललेली कातडी, एका पायास दुसऱ्याहून अधिक ऊब, असें कांहीं लागलें तर तें लगेच मोतद्दारास सांगावें. मग खूर. बोथट आंकड्यानें टांचेकडून पुढें, या दिशेनें खुरांतील माती व खडे काढावेत. तळव्यांत जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्यास टोंचूं नये. तेथून काळा, दुर्गंधी स्राव येत असेल तर ठाण ओलें आहे असें समजावें, व औषधाइतकेंच लक्ष ठाण कोरडें करण्याकडे द्यावें. नालबंदास सहा ते आठ आठवड्यांनीं बोलवावें लागतें, कारण खूर नखाप्रमाणें सतत वाढतो.

लीद उचलण्याचें काम प्रत्येक नवख्यास पहिल्या दिवशीं मिळतें, व तो मनांतून खट्टू होतो. पण मुरलेला मोतद्दार पहांटे पागेंत आला म्हणजे घोड्याच्या तोंडाकडे पाहण्याआधीं लिदीकडे पाहतो. निरोगी घोडा दिवसरात्रींत सुमारें आठ ते बारा वेळां लीद टाकतो. गोळे ओलसर असून जमिनीवर पडतांच फुटतात. लीद कमी झाली, कोरडी, लहान व चिकट झाली, किंवा तिच्यांत अख्खें धान्य दिसूं लागलें, तर आंत कांहीं बिघडलें आहे. अख्खें धान्य बहुधा दांतांची तक्रार सांगतें. घोड्याचे दांत जन्मभर पुढें येत राहतात व घासले जातात. घासणी सारखी न झाली तर त्यांस धारदार कंगोरे येऊन गाल सोलतात. वर्षांतून एकदां पशुवैद्याकडून ते तपासून घ्यावे लागतात.

पोटशुळाचीं लक्षणें स्वयंसेवकानें तोंडपाठ करावीं. घोडा वैरण सोडतो. मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहतो. पुढच्या पायानें जमीन उकरतो. बसतो, उठतो, लोळतो. थंड हवेंतही घामेजतो. निरोगी घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४०, श्वास ८ ते १६ व उष्णता ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. नाडी जबड्याच्या कडेखालील शिरेवर बोट ठेवून मोजावी. कुशीस कान लावला तर एरवीं आंत गुडगुड ऐकूं येते. ती थांबली असेल तर गोष्ट गंभीर आहे. अशा वेळीं पुढ्यांतील सर्व खाद्य काढून घ्यावें, कोणत्या घटकेस काय दिसलें तें लिहून ठेवावें, आणि पशुवैद्यास बोलवावें. तेल, तंबाखू, हिंग असले काढे नळकांड्यानें घशांत ओतणारे हौशी वैद्य अशा प्रसंगीं गोळा होतात. ओतलेलें औषध फुप्फुसांत उतरून नवेंच संकट ओढवतें. घोडा ऐकेल तर त्यास हळूहळू चालवावें, पण तासन् तास फरफटवूं नये. घोडा कां अडला, पान कां सडलें, या जुन्या कोड्याचें 'न फिरविल्यानें' हें उत्तर सर्वांस ठाऊक आहे. तें निरोगी घोड्यापुरतें सोळा आणे खरें, आजाऱ्यास मात्र तें पशुवैद्यास विचारूनच लागू करावें.

पहिल्या आठवड्यांत एवढें पाहून झाल्यावर मोतद्दार बहुधा एके संध्याकाळीं स्वयंसेवकाच्या हातीं तागडी देतो. पाटी वाचून वैरण तोलावयाची, ती झटकून धूळ काढावयाची, आणि शक्य तों जमिनीलगत ठेवावयाची. कारण मान खालीं घालून खाण्यानें घोड्याच्या नाकांतील मळ वाहून जातो व धूळ छातींत कमी शिरते. रात्रीची पेंढी दिवसाच्या पेंढीहून मोठी बांधतात. संध्याकाळच्या खुराकापासून सकाळच्या खुराकापर्यंत दहा-बारा तास जातात, आणि तेवढा वेळ ती पुरावी लागते. दिवा मालवण्यापूर्वीं पाणी पुन्हां एकदां भरावें, दोरीची गांठ एका ओढीनें सुटणारी आहे कीं नाहीं तें पाहावें, व घोडा चावूं लागल्याचा आवाज कानीं येईपर्यंत दारापाशीं उभें राहावें. सकाळीं परत आल्यावर पेंढींतलें किती उरलें आहे तें तोलून पाटीवर त्याच्या नांवापुढें लिहावयाचें असतें.